रबर मेलं आणि शॉकअप बदलले

बडोद्यातल्या गॅरेजांमध्ये एक लबाडी वर्षानुवर्षं राजरोस चालू आहे आणि आपण गाडीवाले ती स्वतःच्या खिशातून पोसतो आहोत. पुढून ठक-ठक आवाज येतो म्हणून गाडी नेली, की मिस्त्री बॉनेटवर हात टेकून ती दोनदा दाबतो, कान देतो आणि निकाल सांगून मोकळा होतो: "साहेब, शॉकअप गेले." तो खाली वाकत नाही, चाक उचलत नाही, पहार लावून काही हलवून बघत नाही. शॉकअपची नवी जोडी बसते, बिल फाटतं, आवाज काही दिवस कमी झाल्यासारखा वाटतो आणि परत येतो. मग लिंक रॉड. मग माउंटिंग. मग शेवटचा वार म्हणून स्टेअरिंग रॅक. या सगळ्या काळात ज्या रबराच्या तुकड्याने कधीच जीव सोडलेला असतो, तो लोअर आर्मच्या मागच्या टोकाला फाटक्या अवस्थेत तसाच बसून असतो. त्याच्याकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

तो तुकडा म्हणजे सस्पेन्शनचा बुश. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि दोघींना चिकटलेलं रबर, एवढीच त्याची रचना. चाकाला जोडलेला आर्म गाडीच्या सांगाड्याला या बुशमधूनच धरलेला असतो. म्हणजे ब्रेक लावताना, वळताना, खड्ड्यात जाताना चाक आणि गाडी यांच्यात जे काही बळ इकडून तिकडे जातं, त्यातलं बरंचसं याच रबरातून जातं. तेराशे किलोची गाडी कचकन थांबवा. पुढच्या एकेका चाकाला रस्ता मागे खेचतो तो साडेतीनशे किलोच्या आसपासच्या जोराने. तो जोर पेलायचं काम ज्याच्याकडे आहे त्याची किंमत शेकड्यांत असते, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. ज्यात नफा नाही त्यात आजार नाही, हे आपल्या गॅरेजांचं निदानशास्त्र.

माझ्याकडे स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे, 2004 ची. ऑक्टेव्हिया आपल्याकडे 2001 मध्ये आली, तेव्हाच्या औरंगाबादेजवळच्या शेंद्र्याला तिची जुळणी व्हायची. आरएस म्हणजे तिचंच 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल रूप, 150 अश्वशक्तीचं. त्या काळी टर्बो पेट्रोल गाडी रस्त्यावर दिसणं दुर्मीळ होतं. आज अशा गाड्या सांभाळणारी माणसं बडोद्यात आहेत. कोणाकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक, कोणाकडे 1.6 ची पालिओ, कोणाकडे लान्सर. दांडिया बाजारच्या बोळात कापडी कव्हराखाली, अलकापुरीच्या बंगल्यात पोर्चमध्ये, मांजलपुरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या उभ्या असतात. या गाड्यांवर त्यांच्या मालकांचं खरं प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ते प्रेम नेमकं चुकीच्या जागी खर्च होतं, आणि ते सांगायला कोणी तयार नाही म्हणून मी सांगतो आहे.

पैसे जातात कुठे ते बघा. आधी इंजिनचा संगणक नव्याने लिहून घेतला जातो, कारण तीस-चाळीस अश्वशक्ती जास्त मिळते. मग मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मग सतरा-अठरा इंची अलॉय आणि त्यावर पट्टीसारखे चपटे टायर. मग गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा. यातली प्रत्येक गोष्ट बुशवरचा भार वाढवते. इंजिनचं बळ वाढलं की गाडी अधिक वेगात जाते आणि तेवढीच जोरात थांबवावी लागते. टायर चपटा झाला की खड्ड्याचा जो दणका टायरची भिंत पचवायची तो सरळ आर्मवर येतो. स्प्रिंग आखूड झाली की आर्मचा कोन बदलतो आणि मूळ उंचीला आवळलेला बुश चोवीस तास पिळलेल्या अवस्थेत राहतो, गाडी नुसती उभी असली तरी. वीस वर्षांच्या कडक, चिरा पडलेल्या रबरावर हा सगळा बोजा टाकायचा आणि मग अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर काटा कुठवर जातो ते बघायचं! 93 किलोमीटरचा तो सरळ रस्ता म्हणजे या मंडळींची कसोटीची जागा. त्या वेगाला पुढे ट्रकने लेन बदलली आणि ब्रेक दाबला, की गाडी एकदा डावीकडे ओढते, एकदा उजवीकडे. चालक म्हणतो, "टर्बो गाड्या अशाच असतात." नसतात. नवी असताना ती तशी नव्हती.

ती ओढते का, ते नीट समजून घ्या, कारण याच अज्ञानावर दुकानं चालतात. माझ्या गाडीत लोअर आर्मला दोन बुश असतात. पुढचा लहान आणि कडक; त्याच्याभोवती आर्म वर-खाली होतो. मागचा मोठा आणि मऊ. त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतात, म्हणजे खड्ड्यात चाकाला किंचित मागे सरकायला जागा मिळते आणि दणका केबिनपर्यंत पोहोचत नाही. ब्रेक लावला की चाक मागे खेचलं जातं, आर्म पुढच्या बुशभोवती आडवा फिरू पाहतो आणि त्याला मागचा बुश अडवतो. तोच फाटला असेल तर आर्म फिरतो. चाकाला स्टेअरिंगशी जोडणारा टाय रॉड मात्र जागच्या जागी असतो. एक टोक सरकलं आणि एक स्थिर राहिलं, म्हणजे चाकाचं तोंड वळलं. चालकाने स्टेअरिंग फिरवलेलं नाही, तरी चाकं वळली आहेत. डाव्या आणि उजव्या बाजूची फाटाफूट सारखी नसते, म्हणून गाडी कधी इकडे जाते, कधी तिकडे. यात टर्बोचा काय दोष? नव्या शॉकअपने हे कसं सुटणार? शॉकअपचं काम स्प्रिंगचं डोलणं आवरण्याचं. चाकाची दिशा धरण्याचं नाही.

मग अलाइनमेंटवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात. संगणकावर चार हिरवे आकडे येतात, कागद हातात पडतो, आणि काही आठवड्यांत टायरची आतली कड पुन्हा खाल्लेली दिसते. उभ्या गाडीची मोजणी बरोबरच होती. चालत्या, ब्रेक लावलेल्या गाडीत चाक कुठे असतं ते त्या यंत्राला दिसत नाही. पंधरा इंची रिमच्या दोन कडांमध्ये फक्त एक मिलिमीटरचा फरक पडू द्या. तेवढ्या तिरकसपणाने तो टायर दर किलोमीटरला अडीच मीटरहून जास्त आडवा घासत जातो. हा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे, कोणीही करून बघावा. चार टायरांचे पैसे देणाऱ्या माणसाला दोन बुश महाग वाटतात, ते हा हिशेब त्याला कोणी मांडून दाखवत नाही म्हणून.

सगळ्यात खोटा युक्तिवाद मालकांचाच: "गाडी फक्त चाळीस हजार चाललीय, बुश कसे जातील?" रबर किलोमीटर मोजत नाही. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या जोरावर रबर टिकाऊ केलं. त्यात काजळी मिसळली की ते आणखी दणकट होतं. पण हवेतला ओझोन त्याला ताणलेल्या जागी चिरतो, इंजिनचं गळकं तेल त्याला फुगवून लिबलिबीत करतं आणि उष्णता त्याचा लवचिकपणा मारून टाकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात तापलेल्या डांबरावर उभ्या गाडीच्या पोटाखाली रबर वर्षानुवर्षं भाजतं. पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात शहरातल्या किती गाड्या पाण्याखाली होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पुरातून बाहेर काढलेल्या गाडीचं लोक इंजिन उघडतात, गाद्या वाळवतात, वायरिंग तपासतात. बुशच्या बाहेरच्या नळीभोवती गाळ आणि ओल अडकून गंज धरला, रबर आतल्या नळीपासून सुटलं, हे कोणाच्या यादीतच नसतं. गाडी चाललेली नाही म्हणून बुश चांगले, असं म्हणणाऱ्याने एकदा टॉर्च घेऊन गाडीखाली झोपावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो. रस्त्याकडेच्या गॅरेजाला नावं ठेवून जे काचेच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये जातात त्यांनी खूश व्हायचं कारण नाही. तिथे निदान बरोबर होतं आणि मग सांगितलं जातं: बुश सुटा मिळत नाही, आख्खा आर्म घ्या, दोन्ही बाजूंचे. सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून सदरा विकत घ्यायला लावायचा, हा तो धंदा. एका वर्कशॉपमध्ये मला हेच उत्तर मिळालं. मी भागाचा क्रमांक लिहून समोर ठेवला, सुटा बुश त्यांच्याच यादीत दाखवून दिला, तर म्हणाले, "सर, आमच्याकडे प्रेसिंगचं काम होत नाही." म्हणजे भाग मिळत होता. करणारे हात नव्हते. हात नाहीत म्हणून ग्राहकाने कित्येक पट पैसे द्यायचे! माझ्या गाडीत बॉल जॉइंटसुद्धा आर्मला तीन बोल्टांनी वेगळा जोडलेला असतो, तोही सुटा बदलता येतो. सरळ, न वाकलेला, न गंजलेला आर्म भंगारात टाकण्याचं काहीही कारण नव्हतं.

काही गाड्यांमध्ये आख्खा आर्म बदलणंच शहाणपणाचं असतं, हे मी मान्य करतो. बॉल जॉइंट आर्मलाच रिव्हेटने ठोकलेला असेल, आर्म कुठे आदळून वाकलेला असेल, बुश बसतो ती जागा गंजून मोठी झाली असेल, तर सुटा बुश बसवणं हा धोका आहे आणि तिथे पैसे वाचवू नयेत. माझं भांडण या निर्णयाशी नाही. न बघता घेतलेल्या निर्णयाशी आहे.

आणि हे एकट्या माझ्या गाडीचं दुखणं नाही. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं या कंपन्या बाहेरच्या कारागिरांपर्यंत पोहोचू देत नव्हत्या. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. पुढे अपिलं झाली, दंड कमी करणारे निकालही आले. पण आयोगाने जे नोंदवलं ते आपण सगळे रोज अनुभवतो. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. चांगलं झालं. पण वीस वर्षांच्या गाडीच्या आर्मचा बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, हा साधा आकडा मकरपुऱ्यातल्या मिस्त्रीला आजही कोणाच्या तरी ओळखीने मिळवावा लागतो. तो आकडा गुपित कशासाठी? त्यात कोणती विद्या चोरीला जाणार आहे? हा रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाशी निगडित आकडा आहे, तो प्रत्येक कंपनीने उघड्यावर टाकला पाहिजे.

कंपनीच उठून गेली तर काय होतं ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. हालोल इथून चाळीसेक किलोमीटरवर. 1996 पासून तिथे ओपेल अ‍ॅस्ट्रा बनायची, मग कोर्सा, मग शेव्हरलेच्या गाड्या. आपल्यातल्या कितीतरी घरांमधली मुलं त्या कारखान्यात कामाला होती. 2017 च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने तो बंद केला आणि त्याच वर्षाअखेर देशातली विक्रीही थांबवली; आज त्याच जागेत एमजीच्या गाड्या बनतात. अशा गाड्यांच्या मालकांना इंजिनचे भाग कुठून तरी मिळतात, पत्राही मिळतो. नडतं ते रबर, कारण रबराचा भाग वर्षानुवर्षं गोदामात ठेवून विकता येत नाही. तो ठेवल्या जागीही म्हातारा होतो. ज्या गाड्या आपल्या शेजारी जन्मल्या त्यांचे बुश आपल्याच औद्योगिक वसाहतींमध्ये नव्याने ओतून घेता येऊ नयेत? साचा करणारे इथे आहेत, रबर ओतणारे आहेत, लेथवाले आहेत. मागणारे नाहीत, कारण मालकाला बुश नावाची वस्तू गाडीत असते हेच ठाऊक नाही.

मागणी नाही तिथे डुप्लिकेट माल येतो. नामांकित कंपनीचा खोका, आत कुठल्यातरी भट्टीतलं दगडासारखं रबर. ते ओळखता येतं. चांगल्या बुशच्या नळ्यांच्या कडा साफ कापलेल्या असतात, रबर आणि लोखंड यांच्या सांध्यावर नख फिरवलं तर फट लागत नाही, भागाचा क्रमांक आणि दिशेची खूण रबरातच उठलेली असते. लेमफर्डर, फेबी, मायले अशा नावांचा अस्सल माल मिळतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी नकली घेणारा मालक आणि त्याला तो अस्सल म्हणून विकणारा दुकानदार, या दोघांत मी फारसा फरक करत नाही. बुश दोघांच्याही पायी फाटणार आहे. पण फाटेल तेव्हा समोरून कोणी तिसराच येत असेल.

आणि आता कामाबद्दल, कारण खरी वाट तिथे लागते. अस्सल बुश आणला आणि बसवणाऱ्याने तो मारला, हे मी स्वतः उभं राहून पाहिलं आहे. जुना बुश काढण्यासाठी गॅसची ज्योत लावून रबर जाळायचं, काळ्या धुराने अख्खं गॅरेज भरायचं, आर्म लालबुंद होईपर्यंत तापवायचा. मग नवा बुश घणाने ठोकायचा, तोही आतल्या नळीवर मारून, म्हणजे रबर बसायच्या आधीच तुटतं. सरकायला सोपं जावं म्हणून वर ग्रीस चोपडायचं; खनिज तेलाचं ग्रीस रबराला खातं, ही गोष्ट बारा वर्षांच्या हेल्परलाही शिकवता आली असती. मुळात बारा वर्षांचा मुलगा तिथे हेल्पर म्हणून उभाच का असावा, हा वेगळा आणि मोठा संताप आहे. बुश बसवायचा तो प्रेसवर, दाब फक्त बाहेरच्या नळीवर देऊन, साबणाचं पाणी लावून, आणि पोकळ्यांची दिशा खुणेशी जुळवून. खूण चुकली की मऊ बाजू कडक जागी येते आणि कडक बाजू मऊ जागी. गाडी आवाज करत नाही, म्हणून कोणालाच कळत नाही. ती फक्त वाईट चालते आणि बुश लवकर मरतो.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा चुकवली जाणारी. आडव्या बोल्टाचा बुश आवळताना गाडी स्वतःच्या वजनावर, नेहमीच्या उंचीला असायला हवी. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याशी जखडली जाते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो रबर पिळून. रबर दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळलं जावं यासाठी त्याची विश्रांतीची जागा मधोमध हवी. गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबतंय, आर्म खाली झुकलेला, आणि मिस्त्रीने त्याच अवस्थेत बोल्ट आवळला, तर रबराची विश्रांतीची जागा ती लोंबती अवस्था ठरते. गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि तसंच राहतं. घरासमोर उभ्या गाडीतही ते पिळलेलंच असतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते आणखी पिळतं आणि आतल्या नळीपासून सुटतं. वर्षभरात बुश गेला, की म्हणायचं: "आजकाल माल चांगला येत नाही."

उपाय अवघड नाही. काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं. शेवटी हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत आर्म उचलायचा आणि मग आवळायचं. किंवा गाडी चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर किंवा पिटवर घेऊन आवळायचं. एक टेप, एक खडू, पाच मिनिटं. एवढं करत नाहीत. बोल्टसुद्धा जुनेच लावतात. माझ्या गाडीत ते ताणून बसणारे बोल्ट आहेत: ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळायचे, त्यावर पाव फेरा आणखी द्यायचा, आणि एकदा काढले की टाकून द्यायचे. टॉर्क पाना मी पाहिलेल्या बहुतेक गॅरेजांत भिंतीवर नसतोच. "हाताला अंदाज आहे." चाकाला गाडीशी जोडणारा बोल्ट अंदाजाने आवळणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही, मग त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो.

माझा राग जास्त आहे तो हे शहर बडोदं आहे म्हणून. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांना त्याचं पहिलं प्राचार्यपद दिलं. हाताने काम करणाऱ्याला त्या कामामागचं शास्त्र कळावं, ही त्यामागची दृष्टी होती. त्याच कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेकडे आहे. तिथे रबराच्या पिळाचं गणित शिकवणारे प्राध्यापक आहेत. थोड्या अंतरावरच्या गॅरेजात बोल्ट लोंबत्या चाकावर आवळला जातो. आणि या दोघांची गाठ पडत नाही. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं देखणं संमेलन भरलं, लोकांनी रोल्स आणि बेंटलीसमोर उभं राहून फोटो काढले. रंग पाहिला, क्रोम पाहिलं. सत्तर-ऐंशी वर्षांची गाडी स्वतःच्या चाकांवर चालत येते ती कोणीतरी तिचं रबर वेळच्या वेळी बदलत आलं म्हणून, हे त्या गर्दीतल्या किती जणांच्या मनात आलं असेल?

हे काम नीट करणारी माणसं या शहरात आहेत, हेही तितक्याच जोरात सांगायला हवं. मकरपुरा जीआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवाले एक काका आहेत. मी आर्म घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी जुन्या बुशची दिशा पंचने आर्मवर उमटवून घेतली, मापाचा पाइप शोधून काढला, तो मिळेपर्यंत प्रेसला हात लावला नाही. मी म्हटलं, काका, घाई नाही. ते म्हणाले, "घाई असती तरी असंच केलं असतं, भाऊ. रबर एकदा फाटलं की मी ते शिवून देऊ शकत नाही." या कामाचे त्यांनी इतके कमी पैसे सांगितले की मला लाज वाटली; मी जास्त दिले. शॉकअपच्या खोट्या निदानात जाणाऱ्या पैशांतला थोडा जरी भाग अशा हातांकडे वळला, तर त्यांची मुलं या धंद्यात राहतील. आज ती राहत नाहीत.

पॉलियुरेथेनबद्दल मला कायम विचारलं जातं, म्हणून तेही मिटवतो. लाल-पिवळे ते बुश रबरापेक्षा बरेच कडक असतात, तेल त्यांना फारसं बाधत नाही, हातानेही बसवता येतात. शर्यतीच्या मार्गावर त्यांचा उपयोग आहे. पण ते पिळत नाहीत, आतल्या नळीभोवती घसरतात. त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं आणि ते संपलं की चरचरतात. ज्या जागी आर्मला दोन-तीन दिशांनी हलायचं असतं तिथे ते अडून बसतात. आजवा रोडवरच्या गतिरोधकांवरून रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीत ते घालणं म्हणजे प्रत्येक दणका सांगाड्याच्या वेल्डिंगपर्यंत पोहोचवणं. माझ्या गाडीच्या जातीच्या गाड्यांना ऑडी टीटीचा भरीव रबरी बुश मागच्या जागी बसतो. स्टेअरिंगला धार हवी असेल त्याने तो लावावा. रबराला रबरच बरं. मागच्या अ‍ॅक्सलच्या बुशचीही हीच कथा आहे आणि ते तर जवळजवळ कोणीच तपासत नाही, कारण ते बदलायला अ‍ॅक्सल खाली घ्यावा लागतो.

तेव्हा गाडी गॅरेजात नेताना मालकाने काय मागायचं ते सांगतो, आणि लाजू नका, पैसे तुमचे आहेत. माझ्यासमोर पहार लावून बुश हलवून दाखवा. नाही दाखवला तर शॉकअपला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला. बोल्ट नवे, आणि त्यांचं वेगळं बिल. टॉर्कचा आकडा बिलावर हाताने लिहून सही करा. उंची मोजून आवळलंत का, ते मापासकट लिहा. कामानंतर अलाइनमेंट, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद. काढलेले जुने बुश पिशवीत घालून मला परत द्या. यातल्या एकाही गोष्टीला जो "चालशे, साहेब, चालशे" म्हणेल, त्याच्या टेबलावरून चावी उचला आणि मकरपुऱ्याची वाट धरा.